पागोळ्यांचा चर

श्रावणातल्या एका सकाळी पाऊस थांबला, ऊन पडलं, आणि जनीला वाटलं, आज टाके घालायला बसावं. खुंटीवरचं गाठोडं काढून तिने ते ओटीवर आणलं. आत धाकलूची कापडं होती. सणासुदीची धोतरं, एक उपरणं आणि लग्नात बांधलेलं लाल पागोटं. जनी ज्या घरात भाड्याने राहत होती, त्या घराचा हा धनी. त्याला जाऊन वर्ष उलटलं होतं. त्याच्या बायकोने, भागूबाईने, ही कापडं बरेच दिवस पेटीत जपली आणि शेवटी एक दिवस जनीच्या हातात देऊन ती म्हणाली, "याची गोधडी शिव. थंडीत अंगावर घेईन."

जनीचा हात गोधडीला चांगला होता. आसपासच्या घरांतल्या बायका जुनी लुगडी तिच्याकडे आणून टाकत आणि महिन्याभराने गोधडी घेऊन जात. भागूबाईचं काम मात्र तिने घाईने केलं नव्हतं. लांबलेला पाऊस, अंधारलेलं घर, त्यात तिला सातवा महिना. उजेड बघून सावकाश शिवू म्हणून गाठोडं खुंटीला तसंच राहिलं होतं.

गाठ सुटली तसा कोंदट वास आला. वरचं धोतर बरं होतं. खालचं उचललं तर घडीच्या कडेने राखाडी बुरशी धरली होती. तिने ती झटकली, पण खालचे काळे ठिपके गेले नाहीत. पागोटं एका अंगाने भिजून त्याचा लाल रंग उपरण्यात उतरला होता. जनीने एकेक कापड उन्हात उलगडलं आणि त्याच्याकडे बघत बसून राहिली. मग उठून आत गेली, खुंटीखाली भिंतीला तळवा लावला. भिंत गार होती. हात काढला तर तळव्याला ओलं शेण लागून आलं.

जनी आणि तिचा नवरा गजा खालापूरजवळच्या कुंभिवलीची. गजाला कर्जत स्टेशनात इंजिनांना पाणी भरायचं काम लागलं. घाट चढायच्या आधी गाड्या कर्जतला थांबत, मागून जादा इंजिन लागे, त्यामुळे या कामाला दिवस-रात्र असं काही नव्हतं. आगगाडी घाटातून पुण्याकडे जाऊ लागली त्याला तेव्हा पंचवीस-तीस वर्षं होऊन गेली होती, आणि स्टेशनाभोवतीच्या गावांत रिकामी पडवीसुद्धा मिळत नव्हती. भिसेगावात भागूबाईच्या घराचा मागचा अर्धा भाग मोकळा आहे हे गजाला कळलं, तेव्हा तो त्याच दिवशी तिच्या ओट्यावर जाऊन बसला होता.

भागूबाईने सगळं तोंडी ठरवलं होतं. "कौलं परतायची ती मी. जमीन सारवायची ती तुमी. जायचं झालं तर महिनाभर आदी सांगा, घालवायचं झालं तर मी पन महिनाभर आदी सांगंन." दिवाळी नुकती झाली होती, हवा कोरडी होती. छपराचं बोलणं झालं, जमिनीचं झालं. दोन्हींच्या मधल्या भिंतींचं कुणी काही बोललं नाही. कोरड्या दिवसांत भिंतीची आठवण कुणाला होत नाही.

आषाढात मागच्या भिंतीला, जमिनीपासून हातभर उंचीवर, पहिल्यांदा डाग दिसला. जनी म्हणाली, मावशींना सांगूया. गजाने नको म्हटलं. "नाय आवडत तर जा म्हनंल. या पावसात, तू अशी, कुठं जायाचं?" त्याने डागावर शेणाचा जाड हात फिरवला. चार दिवस भिंत बरी दिसली. मग डाग शेणाच्या वर आला. गजाने पुन्हा सारवलं, डाग पुन्हा वर आला, आणि असं करता करता तो खुंटीपर्यंत पोचला होता. रोज बघायची सवय झाल्यामुळे तो किती चढला हे दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

जनीने कापडं गोळा केली आणि पुढच्या दारी भागूबाईकडे गेली. भागूबाई तांदूळ निवडत बसली होती. जनीने कापडं तिच्यापुढे ठेवली.

भागूबाईने सूप बाजूला सारलं. पागोटं उचललं, डागाच्या बाजूने फिरवलं, नाकाशी धरलं.

"कुठं ठेवलं होतंस?"

"खुंटीला. मागच्या भिंतीला."

"भिंत ओली हाय?"

"हाय, मावशी. आषाढापासनं."

"आषाढापासनं," भागूबाई म्हणाली. "आनि मला आज सांगतेस."

जनीने खाली बघितलं. भागूबाईचा आवाज चढला नाही, पण पुढचं एकेक वाक्य तिने जपून उच्चारलं. "तुझ्या हाती दिलं होतं जने. मी काय पैका दिला नव्हता, मानूस दिलं होतं. ओल्या भिंतीला टांगलंस."

"चुकलं माझं," जनी म्हणाली. मग तिला राहवलं नाही. "पन भिंत तुमची हाय ना, मावशी."

भागूबाई उठली. पागोटं हातात घेऊनच ती मागच्या घरात आली. आत पाऊल टाकल्यावर ती उंबऱ्याशीच थांबली आणि डोळे अंधाराला सरावू दिले. पाण्याचे हंडे भिंतीला लागून मांडलेले. चुलीच्या वर दोरी बांधून गजाचे ओले कपडे वाळत घातलेले. भिंतीत हातभर रुंदीचा एक झरोका होता, त्यात गोणपाट कोंबलेलं.

"हे कुनी कोंबलं?"

"त्यांनी. रातपाळी करून येतात, दिवसा निजतात. उजेड लागतो डोळ्यांवर. पाऊस पन आत येतो."

"अगं, वाफ कुठनं जाईल मंग? हंडे भिंतीला, ओली कापडं चुलीवर, झरोका बंद. घर नाय हे, भातावरचं झाकन हाय. भिंत ओली नाय होनार तर काय होईल? माझी भिंत म्हनतेस. पन्नास पावसाळे या घरानं काढले, कधी बुरशी धरली नाय."

ती आली तशी गेली. कापडं घेऊन गेली. जनीला रडू आलं नाही, पण दिवसभर तिच्या हातून काही नीट झालं नाही.

गजा त्या दिवशी कामावरून उशिरा येऊन निजला आणि संध्याकाळी उठला तेव्हा जनीने त्याला सगळं सांगितलं. तो चिडला. "कापडं खराब झाली तर झाली. भाडं देतो तिला. ओल्या घराचं भाडं देतो. उलट तिनं आपल्याला बोलावं? बघतो मी दुसरी जागा."

"बघा," जनी म्हणाली. "पन ती बोलली त्यातलं खोटं काय होतं ते सांगा."

गजाने झरोक्यातल्या गोणपाटाकडे बघितलं.

"आपन आपलं आदी नीट करू," जनी म्हणाली. "हंडे हलवू. कापडं ओटीवर वाळत घालू. झरोका उघडू, तुमी डोळ्यांवर फडकं बांधून निजा. तरी बी भिंत ओलीच राहिली तर मंग मी तिला हात धरून आनंन नि दाखवीन. आज बोलायला माझं तोंड नाय."

त्यांनी तसं केलं. गजाने हंडे दाराशी नेले, जमिनीवर दगड मांडून त्यावर ठेवले. झरोक्यातलं गोणपाट काढल्यावर आत थंड, धुवून निघाल्यासारखी हवा आली. जनी रोज चुलीतले निखारे शेगडीत भरून भिंतीपाशी ठेवू लागली. राखेने भिंत घासून बुरशी काढली. सगळ्यात वाईट काम गजाने केलेल्या सारवणाचं होतं. शेणाचे ते थरावर थर विळ्याने खरवडून काढावे लागले, आणि आतली माती चिखलासारखी निघाली तेव्हा गजाला आपण काय करून ठेवलंय ते दिसलं. ओल बाहेर पडायची वाट आपणच लिंपून टाकली होती, हे तो मोठ्याने बोलला नाही. पण त्या दिवसापासून तो भागूबाईला शिव्या देईनासा झाला.

गणपती आले, गेले. घराच्या इतर भिंती, चुलीमागची, बाजूची, सगळ्या वाळल्या. कोपऱ्यातली बुरशी परत आली नाही. मागची भिंत मात्र खालून तशीच ओली राहिली. उलट एक दिवस जोरात पाऊस झाल्यावर तिच्या पायथ्याशी, जमिनीवर, बोटभर रुंदीची पाण्याची रेघ आली आणि सरकत जनीच्या अंथरुणापर्यंत पोचली.

"हे आपलं पानी नाय," जनी म्हणाली.

गजा पावसातच बाहेर पडला आणि वळसा घालून घराच्या मागे गेला. त्यांचं दार बाजूच्या अंगाला उघडत होतं, तिकडे तो कधी गेला नव्हता. तिकडचं परसू आबाजीचं होतं, आणि आबाजी भागूबाईचा मुलगा असला तरी दोघांत बोलणं नव्हतं एवढं गजाला माहीत होतं. धाकलूच्या दुखण्यात शेतीची वाटणी झाली. शेत आणि परसू आबाजीकडे गेलं, घर भागूबाईकडे राहिलं. परसवाच्या पलीकडच्या टोकाला आबाजीने आपलं छोटं घर बांधलं होतं, आणि अलीकडे, भागूबाईच्या भिंतीला लागून, बैलांचा गोठा.

कौलांवरून पडणाऱ्या पागोळ्यांचं पाणी वाहून जावं म्हणून घराच्या कडेने चर ठेवतात. बाजूच्या भिंतीशी तो होता. मागे मात्र नव्हता. गोठ्याची जमीन सपाट करायला भर घातली होती, ती थेट भिंतीपर्यंत नेऊन दाबली होती. पागोळ्या त्या भरावर पडत होत्या आणि पाण्याला जायला एकच बाजू उरली होती, भिंतीची.

आबाजी गोठ्यात बैलांना गवत टाकत होता. तिशीतला, रुंद खांद्यांचा माणूस. गजाने त्याला हाक मारली आणि भिंत दाखवली.

"आबादादा, इथला चर बुजलाय. पानी आत येतंय आमच्या."

आबाजीने गवताची पेंढी खाली ठेवली. "तुमी कोन?"

"मी गजा. मागच्या घरात राहतो. भाड्यानं."

"ठाव हाय मला कोन राहतं ते. मी इचारतो, मला सांगनारे तुमी कोन? घर माझ्या आयेचं. तिनं येऊन सांगावं."

"ती कशी येईल? तुमचं..."

"मंग राहू दे." आबाजी पुन्हा पेंढीकडे वळला. गवत सोडवता सोडवता तो पाठ वळवूनच बोलला. "त्या घरात मी राहत होतो. मी नि जयवंता. तुमची चूल जिथं हाय तिथंच आमची चूल. मी निघालो नि दिवाळी होते न होते तो तिनं परकी मानसं आनून ठेवली. आता त्या भिंतीचं माझ्याकडं कशाला आनताय?"

गजाला विचारायचं होतं, भर घालताना तुम्हाला ठाऊक होतं का, पाणी कुठे जाईल ते. पण त्याने विचारलं नाही. आबाजीच्या पाठीकडे बघून त्याला वाटलं, ठाऊक असावं, आणि ठाऊक आहे हे त्याने स्वतःलाही सांगितलं नसावं.

दुसऱ्या दिवशी नवरा-बायको दोघंही भागूबाईकडे गेली. गजाने चराचं सांगितलं. भागूबाई ऐकून घेत होती. आबाजीचं नाव निघाल्यावर मात्र तिने मान फिरवली.

"परसू त्याचं हाय. तिथं माझं काय चालत नाय."

"तुमी एकदा सांगून बघा," गजा म्हणाला.

"त्याच्या दारात मी जानार नाय. बाप अंथरुनावर होता नि हा जमीन मोजत होता. ते मी इसरले नाय."

गजाने जनीकडे बघितलं आणि उठायची तयारी केली. जनी उठली नाही. ती जमिनीवर दोन्ही हात टेकून, जड अंगाने बसली होती, आणि तिने तसंच बसून बोलायला सुरुवात केली.

"मावशी, तुमी सांगितलं ते आमी समदं केलं. हंडे काढले, झरोका उघडला, ओली कापडं घरात घालत नाय. यांनी वरनं सारवलं ती चूक झाली, मी वेळेवर सांगितलं नाय ती माझी चूक. कापडांचं उत्तर पन मी देते. ती माझ्या हाती होती. जेवढी धुवून निघतील तेवढी काढते, गोधडी शिवून देते, त्याचं मला काय नको. पन भिंतीचं उत्तर तुमीच द्यायला पायजे."

"परसू..."

"परसू कुनाचं ते आमाला काय करायचंय? आमी घर घेतलं ते तुमच्याकडनं. भाडं देतो ते तुमाला. आबादादा आमाला इचारतात, तुमी कोन. बरोबरच इचारतात. आमी त्यांचे कोन? कुठल्या हक्कानं जावं आमी त्यांच्याकडं? तुमी आई हाय त्यांची, नि धनीन हाय घराची. तुमच्या-त्यांच्या भांडनात आमचं अंथरून भिजतंय."

भागूबाईने फिरवलेली मान परत तिच्याकडे वळवली.

"मी दिवाळीच्या आसपास बाळंत होईन," जनी म्हणाली. "आई म्हनते कुंभिवलीला ये. तिथनं लेकरू घेऊन मी कुठं येऊ? त्या भिंतीपाशी निजवू? तुमाला जमत नसंल तर तसं सांगा. ठरल्यापरमानं महिना आदी सांगून आमी जातो. राग नाय माझा."

एवढं बोलून ती उठली. गजाला वाटलं, आता संपलं, जागा गेली. पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत तो तिच्या मागून चालला. आत आल्यावर म्हणाला, "मला असं बोलता आलं नसतं." जनी म्हणाली, "मला बी ठाव नव्हतं मी बोलंन म्हनून," आणि भिंतीपासून लांब ओढलेल्या अंथरुणावर जाऊन पडली.

त्यानंतर काही दिवस भागूबाई दिसली नाही. गजाने स्टेशनात दोघा-तिघांना जागेचं विचारून ठेवलं. मग एका दुपारी, पाऊस रिमझिम पडत असताना, भागूबाई मागच्या दारी आली आणि न विचारता आत आली. गजा निजला होता. जनीने उठायला बघितलं तर तिने हाताने बस म्हणून खुणावलं. ती सरळ मागच्या भिंतीपाशी गेली, वाकली, तळवा टेकवला. आधी खाली, मग वर, मग खुंटीपाशी. अंथरूण कुठे आहे ते बघितलं, आणि त्याच्यापर्यंत आलेला पाण्याचा ओघळ बघितला. राखेने घासलेल्या कोरड्या भिंतीही तिने बघितल्या. त्या घरात, मुलगा गेल्यापासून, ती इतका वेळ कधी थांबली नव्हती.

"आबाजी निघून गेल्यावर हे घर रिकामं ठेवायचं व्हतं," ती जनीला म्हणाली, आवाज खाली ठेवून. "पन रिकामं असलं की मला तोच दिसायचा हितं. म्हनून तुमाला दिलं. कुनीतरी राहू दे, धूर निघू दे. भिंत मी बघितलीच नाय. तुमी आला तेव्हा बघायला पायजे व्हती."

ती बाहेर पडली. जनीला वाटलं, घरी गेली. पण थोड्या वेळाने भिंतीच्या पलीकडून कुदळीचा आवाज आला. जनीने झरोक्याशी जाऊन बघितलं. डोक्यावर घोंगडी घेऊन भागूबाई आबाजीच्या परसवात उभी होती आणि भिंतीलगतची दाबलेली माती खणत होती. साठीच्या घरातली बाई, पण तिचा घाव नीट पडत होता.

आबाजी गोठ्यातून बाहेर आला. "आये," तो म्हणाला. एवढ्या महिन्यांत त्याने तिला मारलेली ती पहिली हाक होती. "काय करतेस पावसात?"

"भाडं घेते मी या घराचं. काम माझं हाय."

"ही जागा माझी हाय."

"जागा तुझी. पागोळ्या माझ्या," भागूबाई म्हणाली आणि खणत राहिली. "माझं पानी मला नेऊ दे. तुझी माती तुझ्याकडं टाकते, एक घमेलं बी नेत नाय."

आबाजी उभा राहिला. जनीने गजाला हलवून उठवलं. तो डोळे चोळत, काय झालं ते समजून घेत बाहेर धावला आणि घमेलं घेऊन भागूबाईने काढलेली माती भरू लागला. भागूबाईने त्याला अडवलं नाही. आबाजीची बायको जयवंता दारात आली होती. तिने नवऱ्याकडे बघितलं, आत गेली, आणि कोपऱ्यातलं फावडं आणून त्याच्या शेजारी भिंतीला टेकवून ठेवलं.

आबाजीने ते लगेच उचललं नाही. बैलांकडे गेला, त्यांना आतल्या बाजूला बांधलं. मग फावडं घेऊन तो चराच्या दुसऱ्या टोकाला, जिथून पाणी ओढ्याकडे उतरायला हवं होतं तिथे, खणू लागला. मायलेक दोन्हीकडून खणत जवळ येत राहिले. बोलणं एवढंच झालं की आबाजी एकदा म्हणाला, "तिथं दगड हाय, जपून," आणि भागूबाई म्हणाली, "ठाव हाय. तुझ्या बापानंच बसवलाय." संध्याकाळ व्हायच्या आत पाणी चरातून वाहायला लागलं होतं. भागूबाई घोंगडी झटकून, कुदळ खांद्यावर टाकून घरी गेली. आबाजीने तिला थांबवलं नाही, तिनेही मागे बघितलं नाही.

जनीला वाटलं होतं, चर झाला की भिंत वाळेल. तसं होत नाही. महिनोन्महिने आत मुरलेलं पाणी निघायलाही महिने लागतात. भागूबाई आता दर दोन-चार दिवसांनी येऊन भिंतीला हात लावून जाई. तिनेच सांगितलं, भात कापून झाल्यावर ओला गिलावा काढून टाकू, दगड वाऱ्यावर वाळू देऊ आणि मग नवीन गिलावा करू. माती आणि भुसा ती आणणार होती. गजा म्हणाला, सुटीच्या दिवशी मी हात लावीन. "तुला लावायलाच पायजे," भागूबाई म्हणाली. "वरनं सारवलंस तू. पन माती मी आनीन, भिंत माझी हाय." आणि मग जनीकडे वळून, "ह्याच्या पुढं ओल दिसली की त्याच दिशी सांगायचं. मी रागावले तरी सांगायचं."

"तुमी रागवू नका मंग," जनी म्हणाली.

"ते नाय जमायचं," भागूबाई म्हणाली, आणि या घरात जनीने तिला पहिल्यांदा हसताना बघितलं.

भागूबाईने कापडं परत आणून दिली आणि गोधडी जनीने शिवली. कापडं रिठ्याच्या पाण्यात दोनदा धुतली तरी काळे ठिपके पुरते गेले नाहीत, उपरण्यातला लाल डागही राहिला. डागाचा भाग तिला आत घालता आला असता, पण तिने तो घातला नाही, भागूबाईला विचारलं. भागूबाईने बराच वेळ गोधडीवरून हात फिरवला आणि म्हणाली, राहू दे दिसत. तिच्या मनात काय होतं ते जनीला कळलं नाही, आणि तिने विचारलंही नाही. काही गोष्टी भरून निघत नाहीत, एवढं मात्र तिला समजलं होतं. आपण उत्तर दिलं म्हणजे नुकसान फिटलं असं नसतं.

आश्विनात भात पिवळं झालं आणि जनीला कुंभिवलीला न्यायला बैलगाडी आली. गजा बरोबर निघाला. गाडी भिसेगावातून बाहेर पडली तिथे रस्त्याला लागून आबाजीचं शेत होतं. कापणी चालू होती. आबाजी होता, जयवंता होती, दोन-तीन गडी होते. बांधावरून एक बाई विळा घेऊन चालत आली आणि ओळीच्या टोकाला उभी राहिली. जनीने ओळखलं, ती भागूबाई. तिला कुणी बोलावलेलं दिसत नव्हतं. आबाजीने मान वर करून बघितलं आणि पुन्हा खाली घातली. जयवंता मात्र दोन पावलं सरकली आणि तिने सासूला आपल्या शेजारी ओळ धरायला जागा करून दिली. गाडी पुढे गेली.

जनीला मुलगी झाली. माघात ती परत आली तेव्हा मागच्या भिंतीचा नवा गिलावा पांढुरका होऊन वाळला होता. घरात मातीचा वास येत होता, कोंदट नव्हे, कोरडा. गजाने आनंदाने पाळण्याची दोरी भिंतीकडच्या वाशाला बांधायला घेतली. भागूबाई मुलीला बघायला आली होती. तिने मुलीला मांडीवर घेतलं, आणि दोरी बघून म्हणाली, "तिथं नको. ती भिंत वरनं वाळली, आतनं अजून नाय. कळत नाय हाताला, पन नाय वाळली. एक उन्हाळा जाऊ दे. तवर मुलीला इकडं, दारापाशी निजवा."

गजाने दोरी सोडली आणि दारापाशी नेली.